कडीची चार भोकं

चहाचा कप ती टेबलाच्या कडेला कधी ठेवायची नाही.
हॉटेलात शिरली की आधी मागचं दार शोधायची, मग बसायची.
पेन्सिल केसांत खोचायची आणि घरभर शोधायची.
सँडलचे पट्टे लावायची नाही. टाचेखाली दाबून तशीच फटक फटक चालायची.
रडणाऱ्याला रुमाल द्यायची नाही, पाणी द्यायची. रुमाल दिला की 'आता आवर' असा निरोप जातो, म्हणायची.
समोरच्याला दाराजवळची खुर्ची द्यायची.
आणि 'का' असं कोणालाही विचारायची नाही.

ती गेल्यापासून लोक मला एकच विचारतात. त्या सुताराने ढकललं का?

नाही. पण एवढ्या उत्तराने कोणाचं समाधान होत नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते.

विद्यापीठाच्या वसतिगृहात आमची खोली एकच होती. मी साहित्य घेतलं होतं, तिने गुन्हेशास्त्र. तिच्या पलंगाखाली जाड पुस्तकं असायची. त्यांच्या पाठीवर खून, दंगा, तुरुंग असले शब्द. माझ्या पुस्तकांकडे बघून ती म्हणायची, "तुमच्याकडे जास्त माणसं मरतात."

तिचं नाव पडलं पंचनामा. त्याला कारण दूध. मजल्यावरच्या सामाईक फ्रिजमधून कोणाचं तरी दूध गेलं. ही फ्रिजसमोर उकिडवी बसली. दार कुठल्या बाजूने उघडलंय, डाग कुठे सांडलाय, सगळं बघून म्हणाली, "चोर डावखुरी आहे." मजल्यावर डावखुरी एकच होती. तिचं तोंड उतरलं. संध्याकाळी झाडूवाल्या मावशी आल्या आणि म्हणाल्या, "ते नासलं होतं गं, मीच ओतलं." हसून हसून आमची मुरकुंडी वळली. सगळ्यांत जास्त तीच हसली. मग त्या डावखुरीच्या खोलीत जाऊन तिने माफी मागितली. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

घरच्यांना हा विषय कधी कळला नाही. तिची आई शेजारणीला सांगायची, "पोलिसात जायचं शिकतेय." दादा बस चालवायचा. तो म्हणायचा, "चोर पकडायला शिकतेस की चोरी करायला?" ती म्हणायची, "चोर घरी परत आल्यावर काय करायचं, ते शिकतेय." दादा म्हणायचा, "त्यात काय शिकायचं? कुलूप बदलायचं."

शिकली मात्र तेच. गुन्हा का घडतो याच्यावर वर्गात बरीच चर्चा व्हायची. पण तिचं लक्ष गुन्ह्यानंतरच्या दिवसांत असायचं. शिक्षा संपत आलेला माणूस बाहेर येतो तेव्हा कुठे झोपतो, कोणाशी बोलतो, पुन्हा हात उचलतो की नाही. त्यांचे एक म्हातारे प्राध्यापक होते. मुलाखत कशी घ्यायची ते शिकवायचे. त्यांचा नियम होता: 'का' विचारायचं नाही. का विचारलं की माणूस कारण बनवतो. चांगलं दिसेल असं बनवतो. कोणी, केव्हा, कसं, एवढंच विचारा. मग कारण तुम्हाला आपोआप दिसेल.

हा नियम तिच्या अंगात भिनला. मी उशिरा आले तर ती विचारायची, "कोणत्या बसने आलीस?" जेवले नाही तर, "शेवटचं केव्हा खाल्लंस?" का म्हणून नाहीच. मला ते आवडायचं. जाब दिल्यासारखं वाटायचं नाही.

तिच्या वर्गातली मुलं पांगली. एकजण विमा कंपनीत खोटे दावे शोधतो. एकजण पोलिसांच्या आकडेवारीत बसते, दिवसभर नकाशावर ठिपके लावते. एकाने सगळं सोडून घरं विकायला घेतली, आणि म्हणतो की माणूस खोटं बोलतोय हे ओळखायला पदवी फार कामाला येते. ती देखरेख कार्यालयात लागली. सुटून आलेल्या माणसांना भेटायचं, त्यांच्या घरी जायचं, आणि हा माणूस घरात राहू शकतो का याबद्दल सुटका ठरवणाऱ्या मंडळासमोर मत द्यायचं.

शहरात आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या. ती कामावरचं फार सांगायची नाही. सांगितलंच तर नाव घ्यायची नाही. रंगारी, ड्रायव्हर, भाजीवाली, असं म्हणायची. सुतारही मला तसाच माहीत झाला.

त्याने कारखान्यातल्या भागीदाराला भांडणात लाकडी हातोडा मारला होता. एकच. भागीदार मेला. सुताराने बरीच वर्षं आत काढली. आता मंडळाने त्याला मुलीच्या घरी काही आठवडे तात्पुरतं राहू दिलं होतं. तिथे मुलगी, तिचा नवरा आणि जेमतेम चालायला लागलेला नातू. हिने हो म्हटलं तर तो तिथेच राहणार होता. नाही म्हटलं तर त्याला उरलेली शिक्षा संपेपर्यंत निवाऱ्यात राहावं लागणार होतं. मुलीच्या उंबऱ्यापलीकडे पाऊल टाकता येणार नव्हतं.

आणखी एक गोष्ट होती. जुन्या तपासात त्याच्या बायकोचा जबाब होता. ती आता हयात नाही. तो संतापला की ती बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावायची. एकदा त्याने बिजागरीचे स्क्रू काढून दारच उतरवलं होतं.

"हात लावला नाही तिला," ती मला म्हणाली. "नुसतं दार उतरवलं. भिंतीला टेकवून ठेवलं. विचार कर."

मी विचार केला. त्या दिवशी आमच्या बाथरूमची कडी लावताना मी दोनदा ओढून बघितली.

ती त्यांच्या घरी गेली. सुतार दारात उभा होता. दार सताड उघडं, पण तो उंबऱ्यावर थांबलेला. मुलगी आतून म्हणाली, "या ना बाबा," तेव्हा तो आत आला. अशी माणसं दारात थांबतात, ती म्हणायची. आत असताना दार नेहमी दुसऱ्याने उघडायचं असतं. कोणीतरी 'चल' म्हणेपर्यंत पाय उचलत नाही.

तिने त्याला दाराजवळची खुर्ची दिली. नियम उलटा आहे. दाराजवळ अधिकाऱ्याने बसायचं, म्हणजे वेळ आली तर पळता येतं. ती म्हणायची, "वाट अडवलेला माणूस खरं बोलत नाही." तिच्या वरिष्ठ, कार्यालयातल्या मोठ्या बाई, यावरून तिला नेहमी टोकायच्या. "खुर्ची कोणाची आणि जीव कोणाचा, याचा हिशेब कर एकदा."

बोलणं चाललं होतं. नातवाने टेबलावरचा पाण्याचा जग ओढला. पाणी सगळीकडे. मुलगी जागच्या जागी थिजली. जावयाने सासऱ्याकडे पाहिलं. सुताराने टेबलाची कड घट्ट धरली होती. बोटांची पेरं पांढरी पडली होती. मग तो उठला, फडकं घेतलं आणि पुसायला लागला. पोरगं त्याच्या पाठीवर चढलं.

"यातलं काय खरं धरायचं?" ती मला म्हणाली. "पेरं की पाठ?"

निघताना ती बाथरूममध्ये गेली. दार लावलं. कडी नव्हती. कडीच्या जागी चार भोकं होती. कडा ताज्या, आत कोवळं लाकूड दिसत होतं. तिने शयनघराचं दार पाहिलं. तिथेही चार भोकं.

तिने मुलीला जिन्यात एकटीला गाठलं.

"कड्या कोणी काढल्या?"

"बाबांनी."

"केव्हा?"

"आले त्याच आठवड्यात."

"कशाने?"

"त्यांची हत्यारं आहेत ना. मी जपून ठेवली होती." मुलगी हे सांगताना हसली. पंचनाम्याला ते हसू घाबरलेलं वाटलं.

पुढचं तिने विचारलं नाही.

त्या संध्याकाळी ती जेवली नाही. खिडकीपाशी उभी राहिली. मी म्हटलं, "एवढंच ना, कडीच आहे."

"कडीच कुठे आहे," ती म्हणाली. "तेच तर. ज्या घरात आतून दार लावता येत नाही, त्या घरात कोणाला तरी लपायला जागा नसते. हे आम्ही पहिल्या वर्षी शिकलो."

सुनावणीत तिने नाही म्हटलं. नकाराचं कारण त्या माणसाला किंवा घरच्यांना सांगायचं नसतं, तसा नियम आहे. ज्याने माहिती दिली त्याला नंतर त्रास नको म्हणून. सुताराला नुसतं 'नाही' कळलं. ती म्हणाली, तो उठला आणि बंद दारासमोर जाऊन उभा राहिला. शिपायाने दार उघडलं तेव्हा बाहेर पडला.

निवारा म्हणजे जुन्या इमारतीतल्या वरच्या मजल्यावर ओळीने खोल्या. सिमेंटचा अरुंद जिना. खाली अंगण, फाटक, फाटकाशी पहारेकरी. नियम कडक. परवानगीशिवाय फाटक ओलांडलं की पुन्हा तुरुंग, उरलेल्या शिक्षेसाठी.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघी तिच्या दादाकडे गेलो. वहिनी कणीक मळत होती. भाची नुकती पळायला लागली होती आणि घरात एकही वस्तू जागेवर नव्हती. ती हात धुवायला बाथरूममध्ये गेली. बराच वेळ पाण्याचा आवाज नाही. मी पाहिलं तर ती दाराशी वाकली होती. बोट कडीच्या भोकांवर टेकवलेलं.

"वहिनी, ही कडी कोणी काढली?"

"तुझ्या दादाने. दुसरं कोण? एका कामासाठी चार दिवस मागे लागले तेव्हा कुठे."

"केव्हा?"

"अगं, महिना झाला. आली का पुन्हा पंचनामा करायला?" वहिनी हसत होती. "आता विचार, कशाने काढली. माझ्या भाजीच्या सुरीने. टोक मोडलं तिचं."

तिचं बोट तिथेच होतं. वहिनीने कणकेचे हात तसेच ठेवून तिच्याकडे पाहिलं.

"काय झालं गं?"

तेव्हा तिने विचारलं. मी तिला ओळखते तेव्हापासून पहिल्यांदा.

"का काढली?"

"का म्हणजे? ही बया आत गेली आणि कडी लावून घेतली. खालचीच कडी, हाताला लागते. उघडता येईना. आत ही रडतेय, बाहेर मी रडतेय. शेजारच्या काकांनी खांदा देऊन दार उघडलं. लेकरू असलेल्या घरात कोण ठेवतं खालची कडी? तू स्वतः लहानपणी कोंडून घेतलं होतंस, आई अजून सांगतात."

ती बाथरूमच्या पायरीवरच बसली. भाची येऊन तिच्या मांडीवर आदळली. तिने तिला धरलं. इतकं घट्ट धरलं की पोरगी ओरडली.

दुसऱ्या दिवशी ती सुताराच्या मुलीकडे गेली आणि 'का' विचारलं. मुलीने सांगितलं. नातू खालची कडी लावून आत कोंडला होता. आजोबांनी स्क्रू काढून दार उतरवलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं, मग पोराला कडेवर घेऊन आख्ख्या घरातल्या कड्या काढल्या. मुलगी म्हणाली, "मी हसले ना तुमच्यासमोर, तेच आठवून हसले. आधी आईचं दार उतरवलं होतं त्यांनी. या वेळी दार उतरवून रडत बसले."

मोठ्या बाईंनी सगळं ऐकलं. म्हणाल्या, "दिलेलं मत मागे घेता येतं. पण ज्याने दिलं त्यानेच मंडळासमोर उभं राहून घ्यायचं. पुढच्या सोमवारी जागा आहे. तोवर त्याच्याकडे जायचं नाही."

"त्याला सांगायला नको?"

"काय सांगणार? मी चुकले म्हणून? मंडळाने पुन्हा नाही म्हटलं तर? आशा लावायची आणि काढून घ्यायची, हे आपलं काम नाही."

ती घरी आली. त्या आठवड्यात तिने एक पितळी कडी आणली. लांबट, दाराच्या वरच्या टोकाला बसणारी. मोठ्यांचा हात पोहोचेल, पोराचा नाही. ती मंडळाला हेच सांगणार होती. त्या घरात वरच्या कड्या बसवा, म्हणजे मुलीला आतून दार लावता येईल आणि पोरगंही कोंडणार नाही. तिला दोन्ही हवं होतं. सुतार चांगला आहे, असं तिने मला एकदाही म्हटलं नाही. "त्याची पेरं पांढरी झाली होती," ती म्हणाली. "ते खोटं नाही. कडी लागतेच."

आधी बसवून बघायची म्हणून शनिवारी ती दादाकडे गेली. हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन स्टुलावर चढली. वहिनी खालून म्हणाली, "वन्सं, पडशील गं. तुझा पंचनामा कोण करणार?" एक स्क्रू बसला आणि तिचा फोन वाजला. निवाऱ्यातून होता. सुताराने दोन दिवस काही खाल्लेलं नाही.

मोठ्या बाईंनी नको म्हटलं होतं. ती स्टुलावरून उतरली आणि गेली.

पुढचं मला पहारेकऱ्याने सांगितलं. थोडं सुताराने.

खोलीत दोन खुर्च्या होत्या. तिने त्याला दाराजवळची दिली. म्हणाली, "माझी चूक झाली. सोमवारी मी मंडळाला तसं सांगणार आहे."

"कशात चूक झाली?"

तिने सांगायला नको होतं. तिने सांगितलं. कडी, भोकं, त्याच्या बायकोचा जबाब.

त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "चार भोकांवरून?" आणि उठला. दार जवळच होतं. तो बाहेर पडला आणि जिना उतरायला लागला.

पहारेकरी अंगणात होता. त्याने सुताराला खाली येताना पाहिलं. तो भरभर आला, अंगण ओलांडलं आणि फाटकाकडे गेला. पाण्याची गाडी यायची होती म्हणून फाटक उघडं होतं. मग वरून ती दिसली. ती ओरडत होती, "फाटक ओलांडू नका. सोमवारपर्यंत थांबा." जिन्यावर तिच्याशिवाय कोणी नव्हतं. सँडलचे पट्टे टाचेखाली दाबलेले होते. मधल्या वळणावर एक पाय अडकला.

पहारेकऱ्याने मला ते दोनदा सांगितलं. पोलिसांनाही सांगितलं. सुतार तोवर फाटकाशी होता. फाटक सताड उघडं, आणि तो त्याच्या आत उभा. बाहेर गेलाच नव्हता. कोणीतरी जा म्हणायची वाट बघत असावा.

आवाज ऐकून तो मागे फिरला. रुग्णवाहिका येईपर्यंत तिचं डोकं त्याने मांडीवर धरून ठेवलं. पोलीस आले तेव्हा त्याच्या शर्टावर रक्त होतं. त्यांनी आधी त्याचेच हात बांधले. त्यांना तरी काय दिसत होतं? जिना, पडलेली बाई, आणि पूर्वी हातोड्याने खून केलेला माणूस.

तिला शुद्ध आली नाही. सोमवार आला आणि गेला.

मी मोठ्या बाईंकडे गेले. तिने मला जे जे सांगितलं होतं ते सगळं सांगितलं. त्या खिडकीतून बाहेर बघत ऐकत होत्या. टेबलावर पाण्याचा ग्लास होता. तो त्यांनी माझ्याकडे सरकवला. तिच्याकडूनच उचललं असावं.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मला तिने सांगितलं होतं. पण मत तिचं होतं. मागे घ्यायला तीच लागते."

"मग त्याचं काय?"

"नवीन अधिकारी येईल. पहिल्यापासून सुरू करेल. तोवर मत 'नाही' आहे."

"नवीन माणसाला तुम्ही सांगाल?"

"सांगेन. तो त्याचे प्रश्न विचारेल. आम्ही सगळे एकाच म्हाताऱ्या सरांच्या हाताखाली शिकलोय."

सुतार अजून निवाऱ्यात आहे. मी एकदा भेटले. खोलीत गेल्यावर मला कुठे बसावं कळेना. तो भिंतीकडच्या खुर्चीवर जाऊन बसला आणि दाराजवळची माझ्याकडे केली. "मॅडम असं करायच्या," म्हणाला. त्याने नातवाचं विचारलं. मला काही माहीत नव्हतं.

वहिनीने बाथरूमच्या दाराला कोणाला हात लावू दिलेला नाही. दादा एकदा स्क्रू ड्रायव्हर घेऊन उभा राहिला आणि तसाच ठेवून गेला. स्टूल तिथेच आहे. पितळी कडी दाराच्या वरच्या टोकाला एका स्क्रूवर लटकते. दार लावलं की ती फिरते आणि खाली लोंबते. उरलेले तीन स्क्रू साबणाच्या डबीत आहेत. पेन्सिलने खुणा केल्या आहेत, तीन बारीक फुल्या. पेन्सिल खिडकीत सापडली.